तुरीची धसकटं आणि लेडीज चाकं

लोक तूर झोडपायला लागले की मला कळतं, माघ आला. कॅलेंडर बघावं लागत नाही. खांडबाऱ्याच्या शिवारात सकाळपासून दांडक्यांचा धपधप आवाज सुरू होतो, खळ्यांवरून वाळल्या पाल्याचा पिवळा धुरळा उठतो आणि सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसतो. त्याला एक कोरडा, घशाशी अडणारा वास असतो. सून म्हणते, "दादा, आत बसा, खोकला होईल." मी आत जात नाही. खोकला काय, माघात मला होतोच.

हा हंगाम सगळ्यांना आवडतो. थंडी उतरलेली नसते, ऊन नुसतं कोवळं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पाटी मधे ठेवून माणसं दुपारभर गप्पा मारतात. पळसाला नुकत्या काळ्या कळ्या येतात. मला हे सगळं दिसतं, नाही असं नाही. पण शेत मोकळं झालं की माझी नजर आधी खाली जाते, जमिनीकडे. विळ्याने तिरपी कापलेली तूर मागे धसकटं सोडून जाते, बोटाएवढी जाड आणि टोकाला सुईसारखी. पायवाटेच्या दोन्ही अंगांना ती उभी असतात. साठ वर्षं झाली, ती बघितली की मी अजून वळसा घालून जातो.

या वर्षी नेमका माझा नातू केतन सुरतेहून आला. त्याला जुन्या सायकलींचा नाद. मागच्या भिंतीला खुंटीवर माझी सायकल टांगलेली होती, कोळ्यांनी तिच्यात संसार मांडला होता. ती त्याने उतरवली, पुसली, आणि अर्धा दिवस तिच्याभोवती उकिडवा बसून राहिला. मग ओरडलाच, "आजोबा, हे कोणी केलंय?"

"काय?"

"ही रेसर आहे. विलायती. हिला बारीक चाकं असतात. हिला कोणीतरी छोट्या रिमा घालून जाड टायर बसवलेत. मागचं फ्रीव्हील मोठं, पुढचं पॅडलचं चक्र लहान. चढ चढायला! आता जगभर लोक जुन्या सायकलींना हौसेनं हेच करतायत. तुम्ही साठ वर्षं आधी केलंत? जीनियस आहात!"

जीनियस! तोंडात शिवी आली होती. ती मी गिळली, कारण ती मलाच होती. "जुनी गोष्ट आहे," म्हणालो आणि शेंगा सोलत बसलो.

आमचं मूळ घर तापीकाठच्या प्रकाशा गावचं. काळी सपाट जमीन, केळी, ऊस, आणि शहाद्याकडे जाणारा रस्ता पाटीवर रेघ मारावी तसा सरळ. ही सायकल मी बदली होऊन चाललेल्या रेल्वेतल्या एका साहेबाकडून घेतली. निळा रंग, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर. वजन म्हणाल तर एका हातात उचलावी. त्या सपाटीवर ती अशी पळायची की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. त्या सायकलीकडे बघत असतील, मला वाटायचं माझ्याकडे. बाविशीत माणसाला असंच वाटतं.

मग नोकरी लागली. देवी टोचायची. तेव्हा देवीचा रोग होता. आजच्या पोरांना सांगावं लागतं. आमचा जिल्हा तेव्हा धुळे. मला नेमलं खांडबाऱ्याला, आणि माझ्याकडे आले नेसू नदीपलीकडचे डोंगरातले पाडे. लोक मला देवीडॉक्टर म्हणायचे. डॉक्टर कसला, मॅट्रिक झालेला पोरगा. रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ, बर्फात लशीच्या काचेच्या बारीक नळ्या, पिशवीत स्पिरिटचा दिवा आणि दंडावर टेकवून फिरवायची दातेरी फिरकी. काम हिवाळ्याचंच, कारण ती लस उन्हाला टिकत नसे. आम्हाला शिकवताना एकच गोष्ट घोकून घेतली होती: बर्फ वितळून पाणी कोमट झालं की लस मेली. मेलेली लस टोचायची नाही, फेकायची. आठव्या दिवशी परत जाऊन दंड बघायचे. फोड धरला असेल तर लस लागली, नसेल तर पुन्हा टोचायचं.

पार्सल सकाळच्या पॅसेंजरने खांडबारा स्टेशनावर उतरे. तिथून माझी आणि बर्फाची शर्यत सुरू होई. अशा शर्यतीला रेसरच हवी, अशी माझी समजूत. काय अक्कल! नेसूच्या वाळूत ती बारीक चाकं सुरीसारखी रुतायची. पलीकडच्या चढाला पॅडल दाबता दाबेना. मागे सोळा दातांचं फ्रीव्हील, ते सपाटीला ठीक. मग उतरायचं आणि ढकलायचं. माणसं बैलगाडीतून माझ्या पुढे निघून जायची आणि वळून बघायची. त्यातल्या एकाने विचारलंही होतं, "डॉक्टर, सायकल तुम्हाला नेते की तुम्ही सायकलीला?"

बाजारपेठेत हिरामण मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक पाण्याचं घमेलं. हा माणूस चाकाचा आऊट काढताना, म्हणजे वाकडं चाक सरळ करताना, डोळे मिटायचा. चाकाच्या तारा बोटाने छेडायचा आणि आवाजावरून कुठली सैल आहे ते सांगायचा. मी दर आठवड्याला पंक्चर घेऊन हजर. कार्तिक सरता सरता तो त्याच्या अहिराणीत मला म्हणाला, "डॉक्टर, हाई घोडी तापीकाठनी शे. आठे डोंगरमा नही चालाव."

"मग काय करू?"

"रिमा बदली टाकू. जाड टायर बशी जाई. मांगे दूधवालास्नं फ्रीव्हील टाकू, बावीस दातनं. हयू हयू जाई, पन उतरनं पडाव नही."

हळू जाईल, पण उतरावं लागणार नाही; मला पटलं. मी विचारलं, मोठा टायर चाक धरणाऱ्या या चिमट्यात बसेल कसा? तेव्हा त्याने आतून एक रिम काढून माझ्यापुढे धरली. माझ्या रिमेपेक्षा घेराने जराशी लहान. रिम लहान म्हणून टायरला जागा मिळणार. हिशोब अगदी सरळ होता. पण ती रिम मी ओळखली. लेडीज सायकलची होती.

हसू नका. त्या वर्षी माझ्यासाठी मुली बघणं चाललं होतं. शहाद्याचं एक स्थळ तर ठरल्यातच जमा होतं. तिकडची माणसं सुगावा घेत खांडबाऱ्याला येणार, आणि जावई लेडीज चाकांच्या सायकलवर? मी म्हणालो, "नको. बायकांच्या सायकलची चाकं मी लावणार नाही."

हिरामणने रिम परत खिळ्याला अडकवली. "चाकले काय माहीत, वर कोन बठेल शे ते?" एवढंच बोलला आणि माझं पंक्चर काढायला बसला.

पाड्याचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत. शेवटच्या चढावर तो पाडा, मध्ये मोहाचं एक मोठं झाड. टोचणारा आला की लोक रानात निघून जायचे, ही तिथली रीत. त्यांना दोष देत नाही. अनोळखी माणूस येतो, लेकराचा दंड धरतो, रक्त काढतो, आणि भाषाही कळत नाही, तर मीही पळालो असतो. पण तिथे रेवली नावाची एक बाई होती. तिचा थोरला मुलगा आदल्या साली देवीत गेला होता. मागे राहिली होती चार वर्षांची जमनी आणि पाठीला बांधलेला एक तान्हा. पौषात मी गेलो तेव्हा पाडा रिकामा, फक्त ही उभी. तिची बोली मावची, माझी मोडकी. आमचं बोलणं मी इथे मराठीत सांगतोय.

"याने देवी येत नाही?" तिने थर्मासकडे बोट केलं.

"येत नाही."

"खरं?"

"खरं. पण सगळ्यांनी टोचून घ्यायला पाहिजे."

ती म्हणाली, "पुढच्या खेपेला ये. मी सगळ्यांना बसवते." जमनी तिच्या लुगड्याआडून सायकलची घंटी बघत होती. मी वाजवून दाखवली. ती आत लपली, मग बाहेर येऊन स्वतः वाजवली. निघेपर्यंत वाजवतच होती.

माघातला तो दिवस. पार्सल वेळेवर आलं, बर्फ ठणठणीत. मी आनंदात होतो. अख्खा पाडा बसणार होता. वाळूतून सायकल खांद्यावर घेतली. पलीकडे तुरीची कापणी होऊन गेलेली. पायवाट शेतांतून जायची, आणि पहिलं धसकट मागच्या टायरमध्ये घुसलं ते आतल्या ट्यूबच्या आरपार. बसलो, चिकटवलं. शंभर पावलांवर दुसरं, पुढच्या चाकात. ते काढलं. मग चढ, मग ढकलणं, मग दगडात अडकून रिम अशी वाकली की चाक ब्रेकला घासायला लागलं. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. थर्मास हलवला की आत आधी खडखड वाजत होतं. मग बारीक वाजायला लागलं, मग नुसतं पाणी हेलकावताना ऐकू येऊ लागलं.

पोचलो तेव्हा मोहाची सावली लांब झाली होती. आणि सावलीत पाडा बसला होता. सगळा. बाया, लेकरं, म्हातारे. सकाळपासून. कामाचा दिवस बुडवून, मजुरी बुडवून, रेवलीच्या शब्दावर. ती उठून पुढे आली, तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही सहन होत नाही. तिचा विश्वास बसला होता.

मी आडोशाला जाऊन थर्मास उघडला, बोट घातलं. कोमट.

काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. बाहेर येऊन सांगायचं, आज नाही, लस मेली, पुढच्या आठवड्यात येतो. पण मग हे पुन्हा बसतील का? रेवलीला पाडा हसेल का? आणि मला उशीर का झाला म्हणून कोणी विचारलं तर? मनात हे सगळे प्रश्न मी ओळीने उभे केले. खरं कारण त्यांच्या मागे होतं: मला लाज वाटली. मी दिवा पेटवला आणि टोचायला बसलो. पहिला दंड जमनीचा. ती रडली नाही. "घंटी," म्हणाली. टोचून झाल्यावर तिने ती वाजवली.

आठव्या दिवशी दंड बघायला जायचं होतं. गेलो नाही. रिम वाकली आहे, सायकल चालत नाही, असं स्वतःला सांगितलं. माणूस चालत जाऊ शकतो हे त्या आठवड्यात मी सोयीने विसरलो. गेलो असतो तर एकाही दंडावर फोड दिसला नसता आणि नवी लस टोचता आली असती. तेवढा वेळ होता. ही गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त छळते.

माघ संपता संपता बातमी बाजारात आली. वरच्या पाड्यात माय आली, म्हणजे देवीचा रोग. मग दोन दिवसांनी दुसरी: रेवलीची पोरगी गेली.

मी वाकलेली सायकल घेऊन हिरामणकडे गेलो. "लाव ती चाकं," एवढंच म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. "कोन्ही पोर व्हती?"

"रेवलीची."

दुकानापुढची सगळी कामं त्याने बाजूला सारली. मी दिवसभर तिथे घमेल्याशेजारी बसून होतो. त्याने जुनी चाकं सोडवली, चाकांच्या मधली माझीच तुंबं नव्या रिमांत विणली, डोळे मिटून तारा छेडल्या. जाड टायर चिमट्यात घातला. दोन्हीकडून करंगळी जाईल एवढी जागा उरली. पण ब्रेक आता रिमेपर्यंत पोचेना, रिम खाली गेली होती ना. तेव्हा त्याने लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कापले, भोकं पाडली आणि ब्रेकचे गुटके त्यांच्यावर खाली उतरवले. पुढचं चक्र काढून लहान बसवलं. मागे दूधवाल्यांचं बावीस दातांचं फ्रीव्हील. चेन जुळवून तो उठला, पॅडल हाताने फिरवलं, आणि पहिल्यांदाच बोलला, "सायकल पयाले नही, पोचाले ऱ्हास, भाऊ." पळायला नव्हे, पोचायला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं आणि मी निघालो. त्या चाकांवर मला पहिल्यांदा कळलं की तो रस्ता किती जवळचा होता. वाळूत टायर पसरले, रुतले नाहीत. धसकटांवरून गेलो, दोन-चार मोडल्याचा आवाज आला, बस. चढाला पाय भराभर फिरत होते आणि सायकल हळूहळू, म्हाताऱ्या बैलासारखी, न थांबता वर जात होती. एकदाही उतरलो नाही. आणि पाठीवरच्या पिशवीत बर्फ खडखडत होता. मला तो आवाज ऐकवेना. चढावर मी मोठमोठ्याने रडत होतो आणि पॅडल मारत होतो. रस्त्यात कोणी नव्हतं म्हणून बरं.

पाड्याच्या शिवेवर लिंबाचे डहाळे बांधलेले. माय आली की बाहेरच्याने आत यायचं नाही. मी तिथेच सायकल आडवी केली आणि उभा राहिलो. बऱ्याच वेळाने रेवली आली, पाठीला तान्हा. सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

मी घाईघाईने म्हणालो, "टोचून घ्या. आज बर्फ आहे. बघ, आज बर्फ आहे."

ती थांबली. मग म्हणाली, "त्या दिवशी नव्हता?"

मी थर्मास उघडून तिच्यापुढे धरला. तिने आत हात घातला, मनगटापर्यंत. आणि तसाच ठेवला. बोटं बधिर झाली असतील, तरी काढला नाही. मला वाटलं ती थर्मास दगडावर आपटेल, मला मारेल. मारायला हवं होतं. तिने हात बाहेर काढला, पाठीवरचा तान्हा सोडला आणि त्याचा दंड माझ्यापुढे धरला.

मग तिने पाड्यातल्या बायांना शिवेवर बोलावलं. येणाऱ्या प्रत्येकीचं मनगट धरून आधी थर्मासात घातलं. "हात घाल. गार लागला तरच लेकरू दे." मी मान खाली घालून टोचत राहिलो. आठव्या दिवशी गेलो, दंड बघितले. फोड धरले होते. त्यानंतर त्या पाड्यात देवीने कोणी गेलं नाही.

शहाद्याचं स्थळ झालं. बायकोने लेडीज चाकांवरून आयुष्यभर चिडवलं, आणि ती का लावली हे मी तिलाही सांगितलं नाही. नोकरी सरेपर्यंत त्याच सायकलवर फिरलो. देवीचा रोग गेला, हिरामण गेला, त्या मापाची ट्यूब मिळेनाशी झाली आणि सायकल खुंटीला गेली. घंटी मात्र मी जमनी गेली तेव्हाच काढून टाकली होती. केतनने परवा विचारलं, "आजोबा, घंटी कुठाय हिची?" मी म्हणालो, हरवली.

काल त्याच्याच स्कूटरवर मागे बसून आरोग्य उपकेंद्रात गेलो, रक्तदाबाच्या गोळ्या आणायला. लसीकरणाचा दिवस होता, बायांची रांग. सिस्टर चटपटीत पोरगी, हात भराभर चाललेले. एक तरणी मुलगी मांडीवर लेकरू घेऊन तिच्यापुढे बसली. कानात डूल, हातात मोबाईल. सिस्टरने सुई उचलली तशी ती म्हणाली, "आधी बरफ दाखव."

"अगं, आहे बर्फ. डब्यात आहे."

"हात लावू दे."

सिस्टर माझ्याकडे वळून वैतागून हसली. "बघा ना काका. वरच्या पाड्यातल्या सगळ्या बायका अशाच. शिकलेल्या असोत नाहीतर नसोत. विचारलं तर म्हणतात, आमच्यात असंच असतं. तुम्ही इथले जुने. का करत असतील हो?"

दारात केतन स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभा होता. मला वाटलं, म्हणावं, कोण जाणे. साठ वर्षं तेच तर म्हणत आलो.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

"काय?"

"एकदा बर्फ वितळला असताना मी टोचलं. मला माहीत होतं तरी टोचलं. एक मुलगी गेली. जमनी नाव होतं तिचं."

सिस्टरने सुई खाली ठेवली. केतनच्या किल्लीचा आवाज थांबला. ती तरणी आई माझ्याकडे बघत होती. तिला किती कळलं, मला सांगता येणार नाही. मग सिस्टरने डब्याचं झाकण उघडलं. त्या मुलीने आत हात घातला, थोडा वेळ ठेवला, ओली बोटं पदराला पुसली आणि लेकराची मांडी पुढे केली.